उंटावरून शेळ्या मोजताना : नेटवर्कच्या खानेसुमारीचा इतिहास



सरकारी शाळेत किंवा कचेरीत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना ‘जडसंग्रह नोंदवही’ हा शब्द माहीत असणार. डेडस्टॉक रजिस्टर. खुर्चीच्या पायावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला असतो, तोच आकडा वहीत असतो, आणि वर्षातून एकदा कोणीतरी वही काखेत मारून खोल्याखोल्यांतून फिरतं. कंटाळवाणं काम आहे, पण होतं. कारण खुर्ची स्वतःहून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही, आणि गेलीच तर पायावरचा आकडा बदलत नाही.

आज आपण ज्या वस्तूंबद्दल बोलणार आहोत त्या हे दोन्ही करतात. नेटवर्कला जोडलेले संगणक, प्रिंटर, कॅमेरे, सर्व्हर. आणि प्रश्न एका कचेरीचा नाही. समजा, एका संस्थेची दहा गावांत दहा ऑफिसं आहेत. मुख्यालयात बसलेल्या माणसाला कसं कळायचं, की कुठल्या गावात आज काय जोडलेलं आहे? आपल्याकडे म्हण आहे, उंटावरून शेळ्या हाकणं. इथे हाकायच्याही आधी त्या मोजायच्या आहेत. हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो नेटवर्कइतकाच जुना आहे.

अर्पानेट हे आजच्या इंटरनेटचं पूर्वज. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला पहिला संदेश गेला, आणि वर्ष संपता संपता चार ठिकाणं जोडली गेली. लक्षात घ्या, म्हणजे हे नेटवर्क जन्मापासूनच ‘अनेक ऑफिसांचं’ होतं. एका इमारतीतली नेटवर्कं नंतर आली. मग यादी कोण ठेवायचं? तर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एक माहिती केंद्र होतं आणि १९७२ पासून त्याचं काम एलिझाबेथ फाइनलर या बाई बघत. नवा संगणक जोडला की त्यांच्या केंद्राला कळवायचं, ई-मेलनं किंवा सरळ फोन करून. केंद्र एका फाइलमध्ये नाव आणि पत्ता चढवणार, आणि बाकीची सगळी ठिकाणं ती फाइल उतरवून घेणार. होस्ट्स-टीएक्सटी हे त्या फाइलचं नाव. ते नाव धारण करणारी फाइल, अगदी तिचं भुतासारखं उरलेलं रूप, तुमच्या आजच्या लॅपटॉपवरही आहे.

ही यादी बरीचशी खरी राहायची. का? फाइनलरबाईंचं केंद्र चोख होतं हे एक. पण माझ्या मते दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. यादीत नाव नसेल तर नावानं तुम्हाला कोणी गाठूच शकत नव्हतं. नोंद करण्यात नोंदवणाऱ्याचाच स्वार्थ होता. जडसंग्रहाच्या वहीत असा स्वार्थ नसतो. वहीत नसलेल्या खुर्चीवरही छान बसता येतं. (हशा)

आपल्याकडे १९८६ साली अर्नेट सुरू झालं तेव्हाही परिस्थिती अशीच होती. मुंबईतून जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी, शिवाय बाकीच्या आयआयटी, बंगळूरचं आयआयएस्सी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. सगळी नावं एका पोस्टकार्डावर मावतील एवढी.

पण अर्पानेट वाढलं, आणि एका फाइलचा भार एका केंद्राला झेपेना. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिचा गाभा असा, की प्रत्येक ठिकाणानं आपापली यादी आपापल्याकडे ठेवायची आणि कोणी विचारलं तर सांगायचं. तांत्रिक दृष्ट्या अप्रतिम कल्पना. आजही तिच्यावरच सगळं चाललंय. पण आपल्या विषयापुरतं बोलायचं, तर त्या दिवसापासून सगळ्यांची मिळून एक वही असण्याचे दिवस भरले.

आणि गंमत बघा, पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९८३ मध्ये, मेरीलँडमधल्या अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस या माणसानं एका रात्रीत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पिंग. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यानं हे नाव ठेवलं. त्याचं नेटवर्क विचित्र वागत होतं आणि बिघाड कुठे आहे ते त्याला शोधायचं होतं. एवढंच. समोरच्या पत्त्यावर एक छोटं पाकीट पाठवायचं, ‘आहेस का?’ म्हणून. उत्तर आलं तर आहे.

म्यूसला यंत्रं मोजायची नव्हती. पण एका पत्त्याऐवजी १ ते २५४ अशा सगळ्या पत्त्यांवर ओळीनं तीच टकटक केली तर काय होतं? खानेसुमारी होते. एकाच महिन्याच्या अंतरानं ‘विचारून नोंदवण्याची’ रीत मोडकळीला आली आणि ‘दार वाजवून मोजण्याची’ सोय झाली. योगायोगच आहे, पण मला तो फार आवडतो.

यादी नसली की काय होतं, ते पाच वर्षांनी दिसलं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यानं सोडलेला वर्म इंटरनेटभर पसरला. सहा हजार यंत्रं बाधित झाली, असा आकडा तुम्ही पुष्कळ ठिकाणी वाचला असेल. हा आकडा आला कुठून? पॉल ग्रॅहम त्या वेळी मॉरिसच्या मित्रमंडळात होते. त्यांनी पुढे लिहिलंय, की कोणीतरी अंदाज केला, इंटरनेटवर साठ हजार यंत्रं असावीत, आणि त्यातली दहा टक्के बाधित झाली असावीत. झाला आकडा तयार! वरचा आकडाही अंदाज आणि खालचाही अंदाज. न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणात नुकसान मोजायला मुळात एकूण किती यंत्रं आहेत, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

पुढचा टप्पा जरा भरभर सांगतो. एप्रिल १९९५ मध्ये डॅन फार्मर आणि विट्स वेनेमा यांनी एक साधन खुलं केलं. दुसऱ्याच्या नेटवर्कवर कुठली दारं सताड उघडी आहेत ते दाखवणारं. त्याचं नाव सेटन, म्हणजे चक्क सैतान. बराच गदारोळ झाला. नावाचा त्रास होणाऱ्यांसाठी त्यात एक छोटी सोय होती, ती चालवली की सगळीकडे ‘सेटन’चं ‘सांता’ व्हायचं. फार्मरची नोकरी मात्र गेली. १ सप्टेंबर १९९७ रोजी ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५१व्या अंकात फ्योदोर या टोपणनावानं गॉर्डन लायन यांनी एनमॅप छापलं. अक्षरशः छापलं, लेखातच सुमारे दोन हजार ओळींचा प्रोग्रॅम. पुढची आवृत्ती काढायचा विचारही नव्हता. आज जगातल्या बहुतेक मोजणी-साधनांच्या पोटात कुठे ना कुठे एनमॅप किंवा त्याची कल्पना असते. १९९८ मध्ये रनो देरेझोँ या फ्रेंच तरुणानं नेसस काढलं, ते दार उघडं आहे एवढ्यावर न थांबता कुलूप कच्चं आहे का तेही सांगायचं.

आता आपण मूळ अडचणीकडे येऊ. एवढी हत्यारं हातात आल्यावर मुख्यालयात एक यंत्र ठेवायचं आणि दहाही गावं मोजून टाकायची, यात अवघड काय?

पहिली अडचण पत्त्यांची. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नावाचा दस्तऐवज आला. इंटरनेटचे पत्ते संपत चालले होते, म्हणून काही पत्ते ‘घरगुती’ ठरवले गेले. १९२.१६८ नं सुरू होणारे, १० नं सुरू होणारे आणि १७२.१६ पासूनचा एक पट्टा. हे कोणीही आपल्या घरात वापरावेत, कोणाला विचारायला नको. विचारायला नको म्हटल्यावर लोक काय करणार? प्रत्येकानं सगळ्यात सोपा घेतला. १९२.१६८.१. नाशिकच्या ऑफिसातही तोच, नागपूरच्याही ऑफिसात तोच. प्रत्येक गावात एक ‘मेन रोड’ असतो ना, तसं. पुढे ही ऑफिसं एकमेकांना जोडली गेली, किंवा एका कंपनीनं दुसरी विकत घेतली, आणि मुख्यालयाच्या यादीत १९२.१६८.१.१० या एकाच ओळीत कधी प्रिंटर दिसतो, कधी हिशेबाचा सर्व्हर. तेव्हापासून नुसता पत्ता लिहिणं निरर्थक झालं. गाव आणि पत्ता अशी जोडी लिहावी लागते. साधी गोष्ट आहे, पण या एका गोष्टीवाचून बिघडलेल्या याद्या मी स्वतः निस्तरल्या आहेत.

दुसरी अडचण रस्त्याची. त्या काळात दोन गावांमधली लीज्ड लाइन ६४ केबीपीएसची असणं अगदी सामान्य होतं. हिशेब करा. एका ऑफिसात २५० यंत्रं, प्रत्येकाचे ६५,५३५ पोर्ट, प्रत्येक टकटक साधारण ६० बाइटची. झाले सुमारे ९८ कोटी बाइट. त्या लाइनीवरून हे पाठवायला ३४ तास लागतात, तेही लाइनीवर दुसरं काहीच चालू नसताना. म्हणजे दीड दिवस त्या शाखेचं कामकाज बंद. १० नं सुरू होणारा अख्खा पट्टा घेतला तर त्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत. सेकंदाला हजार टकटका केल्या तर नुसतं ‘आहेस का’ विचारायला साडेचार तासांहून थोडा जास्त वेळ, आणि प्रत्येकाची सगळी दारं वाजवायची तर सुमारे ३५ वर्षं. (हशा) हसू नका, पहिल्या खेपेला ‘सगळं निवडा’वर टिचकी मारणारा कोणीतरी असतोच.

तिसरी अडचण मधल्या दारवानाची. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला, आणि त्यात फायरवॉल आपोआप चालू झालेली होती. त्याआधी ऑफिसातली यंत्रं पिंगला इमानदारीत ओ द्यायची. त्यानंतर ती गप्प बसायला लागली. सुरक्षेच्या दृष्टीनं योग्यच झालं. पण मोजणाऱ्याला वाटायचं, घर रिकामं आहे. उलटही व्हायचं. मधली काही फायरवॉल सगळ्यांच्या वतीनं स्वतःच उत्तर देतात, मग तीस यंत्रांच्या शाखेत २५४ यंत्रं ‘जिवंत’ दिसतात.

यावरचं उत्तर मात्र एका जुन्याच गोष्टीत होतं. एआरपी, १९८२ सालचा प्रोटोकॉल. एकाच नेटवर्कातलं यंत्र दुसऱ्याला विचारतं, ‘अमुक पत्ता कोणाचा?’, आणि ज्याचा असेल त्याला उत्तर द्यावंच लागतं, कारण उत्तर दिलं नाही तर त्याच्याशी कोणाला बोलताच येणार नाही. पुन्हा स्वार्थ आला बघा, फाइनलरबाईंच्या यादीतला. पिंगला गप्प बसणारं यंत्र एआरपीला गप्प बसत नाही. फक्त एक अट आहे. ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. वाड्यातली हाक वाड्यातच. म्हणजे जी खरी मोजणी आहे, ती त्या त्या गावात बसूनच करावी लागते.

म्हणून आजची रूढ रचना अशी आहे, की प्रत्येक शाखेत एक छोटा मोजणीदार ठेवायचा, तो रात्री आपल्या वाड्याची मोजणी करणार आणि फक्त निकाल मुख्यालयाला पाठवणार. दीड दिवसाचा माल काही किलोबाइटांवर येतो. मुख्यालयाचं काम राहतं ते वेळापत्रक लावायचं, सगळ्यांचे निकाल जुळवायचे आणि एकच लॅपटॉप सोमवारी एका शाखेत आणि गुरुवारी दुसऱ्या शाखेत दिसला तर तो दोनदा मोजायचा नाही. हे शेवटचं काम वाटतं तितकं सोपं नाही. पत्ता रोज बदलतो, आणि नव्या फोनमध्ये तर नेटवर्क कार्डाचा क्रमांकसुद्धा मुद्दाम बदलत ठेवलेला असतो.

मोजणीमुळेच नुकसान झाल्याचीही उदाहरणं आहेत. एकदा एका ऑफिसात आम्ही पहिल्यांदा मोजणी लावली आणि सकाळी प्रिंटरपाशी पन्नासेक पानं पडलेली. प्रत्येकावर एकेक ओळ, तीही अगम्य. ९१०० या पोर्टवर जे येईल ते छापायचं, एवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक. इथे कागदावर निभावलं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या औद्योगिक यंत्रणांवरच्या मार्गदर्शिकेत, तिचा क्रमांक ८००-८२, दोन प्रसंग दिले आहेत. एकात पिंगची मोजणी चालू असताना नऊ फुटी यांत्रिक हात, जो थांबलेल्या अवस्थेत होता, एकदम १८० अंशांत फिरला. दुसऱ्यात चिप बनवणाऱ्या कारखान्यात, केवळ यादी करण्यासाठी चालवलेल्या मोजणीनं नियंत्रण यंत्रणा अडकली आणि ५०,००० डॉलरच्या वेफर वाया गेल्या. शाखेचा माणूस ‘आमच्याकडे मोजणी नको’ म्हणतो तेव्हा तो दर वेळी काही लपवत असतो असं नाही.

पण दर वेळी नाही, हेही खरं. आता ओहायोला चला.

२५ जानेवारी २००३. स्लॅमर नावाचा वर्म. ३७६ बाइटचा, म्हणजे या व्याख्यानातल्या एका परिच्छेदापेक्षाही लहान. तो दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होता आणि दहा मिनिटांत जगातल्या बहुतेक सगळ्या कच्च्या यंत्रांपर्यंत पोचला, किमान ७५,००० यंत्रं. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच दिला होता. मग? गोम अशी, की तो ज्या डेटाबेसवर हल्ला करायचा, त्याची छोटी आवृत्ती इतर अनेक सॉफ्टवेअरच्या पोटातून नकळत आलेली होती. ज्यांच्या यंत्रावर ती होती, त्यांना ती असल्याचंच माहीत नव्हतं. आणि स्लॅमर काय करत होता? दारं वाजवत होता, आपल्यासारखीच. ऐन भरात सेकंदाला साडेपाच कोटी. मालकांनी जी खानेसुमारी केली नव्हती, ती त्यानं तीन मिनिटांत सुरू करून दाखवली.

ओहायोमध्ये डेव्हिस-बेसी नावाचा अणुवीज प्रकल्प आहे. तिथे फायरवॉल होती, आणि तिनं स्लॅमरला अडवलंही असतं. पण एका कंत्राटदाराच्या नेटवर्कातून कंपनीच्या नेटवर्कात येणारी एक टी-१ लाइन होती, फायरवॉलला वळसा घालून. तिथून तो कंपनीत शिरला, कंपनीतून प्रकल्पाच्या नेटवर्कात, आणि तिथे त्याला उपाय न लावलेला एक सर्व्हर सापडला. सुरक्षेचे मुख्य आकडे दाखवणारी संगणक यंत्रणा ४ तास ५० मिनिटं बंद होती. अणुभट्टी दुसऱ्याच कारणासाठी वर्षभर बंद होती आणि साधे काट्यांचे पर्यायी दर्शक चालू होते, म्हणून निभावलं. त्या लाइनीसारख्या वाटा मुख्यालयाच्या मोजणीत सापडत नाहीत, कारण त्या वाटेच्या पलीकडे कोणता पत्ता आहे हेच मोजणाऱ्याला माहीत नसतं. त्या सापडतात त्या लाइनींच्या बिलात, किंवा शाखेतल्या जुन्या माणसाच्या डोक्यात.

पुढचं उदाहरण इक्विफॅक्सचं, अटलांटाची पतमाहिती कंपनी. ७ मार्च २०१७ रोजी अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली खोट जाहीर झाली. दोन दिवसांत कंपनीत ई-मेल फिरली, ४८ तासांत दुरुस्ती करा म्हणून. १५ मार्चला मोजणीही केली. म्हणजे ‘त्यांनी काहीच केलं नाही’ हा जो समज आहे तो चूक आहे. मोजणीचा निकाल आला, काही सापडलं नाही. पुढे अमेरिकी संसदेच्या समितीनं चौकशी केली तेव्हा कळलं, की मोजणी वरच्या डिरेक्टरीत बघून परत आली, आणि स्ट्रट्स खालच्या डिरेक्टरीत होतं. ज्या यंत्रणेत ते होतं तिचं मूळ १९७०च्या दशकातलं, आणि कुठे काय बसवलं आहे याची पूर्ण यादी कंपनीकडे नव्हतीच. मे ते जुलै चोर आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दारावर टकटक केली, ओ आली नाही, म्हणून ‘घरात कोणी नाही’ असं लिहून टाकलं.

त्याच वर्षी १२ मे रोजी, शुक्रवारी, वॉनाक्राय आला. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत २३६ ट्रस्ट, शिवाय हजारो दवाखाने. त्यातल्या ८१ ट्रस्टना आणि ५९५ डॉक्टरांच्या दवाखान्यांना फटका बसला, पाच भागांतल्या रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी दूर जावं लागलं. केंद्रातून मार्च आणि एप्रिलमध्ये सूचना गेल्या होत्या. पण त्या पाळल्या गेल्या की नाही, हे बघायची रीतसर व्यवस्था खात्याकडे नव्हती, असं तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं ऑक्टोबरमध्ये स्पष्ट लिहिलं. हल्ल्याआधी ८८ ट्रस्टची प्रत्यक्ष जागेवर तपासणी झाली होती. त्यातला एकही उत्तीर्ण झाला नव्हता! म्हणजे माहिती नव्हती असंही नाही. शाखा स्वायत्त, केंद्राला आज्ञा करायचा अधिकार नाही. इथे तंत्रज्ञान संपतं आणि कारभार सुरू होतो. मला विचाराल तर, अनेक ठिकाणांच्या मोजणीचा अर्धा प्रश्न तिथेच आहे. मोजणीदार कोणाचा, त्याला आत सोडायचं कोणी, आणि सापडलेल्या खोटीचं खापर कोणावर, हे ठरल्याशिवाय शाखा आपलं दार नीट उघडत नाही.

अमेरिकेनं हा प्रश्न आज्ञेनं सोडवायचा प्रयत्न केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीसा या संस्थेनं नागरी सरकारी खात्यांसाठी आदेश काढला, क्रमांक २३-०१. ३ एप्रिल २०२३ पासून दर ७ दिवसांना सगळ्या नेटवर्कवर काय जोडलं आहे ते शोधायचं, दर १४ दिवसांना त्यातल्या खोटी तपासायच्या, आणि निकाल ७२ तासांत वर पाठवायचा. कसं शोधायचं ते आदेशात सक्तीचं नाही. टकटक करा, ऐकत बसा, नोंदी चाळा, काही करा. पण निदान वापरातला सगळा आयपीव्ही४ पट्टा त्यात आला पाहिजे.

आयपीव्ही४ एवढंच का? कारण आयपीव्ही६ मध्ये एका साध्या नेटवर्कातच इतके पत्ते असतात, की सेकंदाला दहा लाख टकटका केल्या तरी सगळी दारं वाजवायला सुमारे ५ लाख ८५ हजार वर्षं लागतील. तिथे म्यूसची रीत चालत नाही. राउटरला विचारावं लागतं, पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला विचारावं लागतं, स्विचच्या तक्त्यात बघावं लागतं, की कोण कोण आपण होऊन नाव सांगून गेलंय. म्हणजे फोन उचलून ‘बाई, आमचं एक नवं यंत्र आलंय, लिहून घ्या’ म्हणायच्या जवळपास आपण परत आलो आहोत. फक्त आता फोन यंत्रच करतं, आणि लिहून घेणारंही यंत्रच आहे.

वेळ झाली. प्रश्न घेऊया. आधी मागच्या रांगेतले.